उरलेलं आयुष्य : साडेसहा वर्षं

आत्याच्या पेसमेकरचं चेकिंग झालं आणि यंत्रातून कागदाची लांब पट्टी बाहेर आली. तिच्यावर इंग्रजीत बॅटरीच्या दाबाचा आकडा होता आणि त्याखाली एक ओळ, जिचा सरळ अर्थ ‘उरलेलं आयुष्य : साडेसहा वर्षं’. आत्या सत्त्याहत्तर वर्षांची. चष्मा नाकावर सरकवून तिनं ती ओळ दोनदा वाचली आणि मला विचारलं, “हे माझं का रे, की त्याचं?”

त्याचं, असं मी लगेच सांगितलं. पण घरी येताना सायन-पनवेल रस्त्यावर गाडी अडकली होती तेव्हा तो प्रश्न डोक्यातून जाईना. त्याच पट्टीवर आणखी एक आकडा होता : ठोक्याचा जोर ३.५ व्होल्ट. कारखान्यातून येताना यंत्र बहुधा याच आसपासच्या जोरावर लावलेलं असतं. यंत्र बसवून तीन वर्षं झाली होती आणि तो आकडा कुणीही हलवला नव्हता. चेकिंग दर वेळी होत होतं, पट्टी दर वेळी फाईलला लागत होती. आकड्याकडे कुणी पाहिलं नव्हतं. आम्हीही नाही.

शरीरात बसवलेल्या यंत्रांची बॅटरी कशी वाचवायची, या प्रश्नावर मी त्या दिवसापासून वाचतो आहे. नवी मुंबईत तो आता घरोघरचा होत चालला आहे. सिडकोची स्थापना १९७० ची, वाशीला लोकल आली १९९२ साली. त्या सुमारास तिशी-चाळिशीत इथे घर घेतलेली पिढी आज सत्तरीच्या आसपास आहे, आणि पेसमेकर बसण्याचं वय साधारण तेच. बेलापूर, नेरूळ, कामोठे, कोपरखैरणे इथल्या मोठ्या रुग्णालयांत शहरातले रुग्ण येतात, तसे पनवेल, उरण, पेणकडचेही. त्यांच्या दृष्टीनं बॅटरी संपणं म्हणजे पुन्हा भरती, पुन्हा खर्च आणि पुन्हा सुरी.

खरा मुद्दा या सुरीचाच आहे. पेसमेकरमधली वीज पैशांत मोजली तर अगदी किरकोळ. पण बॅटरी डबीत सीलबंद असते, म्हणून ती संपली की छातीवरची जुनी जखम उघडून आख्खी डबी बदलावी लागते. हे ‘साधं’ ऑपरेशन किती साधं असतं, हे अमेरिकेतल्या ‘रिप्लेस’ नावाच्या पाहणीत तपासलं गेलं. २०१० मध्ये तिचे निष्कर्ष आले. डबीपासून हृदयात जाणारी वायर नवी न टाकता फक्त डबी बदललेल्या रुग्णांपैकी ४ टक्क्यांना सहा महिन्यांत गंभीर गुंतागुंत झाली. नवी वायर टाकायची असेल तर हे प्रमाण १५ टक्क्यांवर गेलं. जंतुसंसर्ग झाला तर डबी आणि वायरी सगळं काढावं लागतं, आणि हृदयात वर्षानुवर्षं रुतलेली वायर काढणं फार अवघड. म्हणून बॅटरीचं एक वर्ष वाढलं की पुढचं ऑपरेशन एक वर्ष लांबतं, आणि वय झालेल्या माणसाच्या बाबतीत ते कदाचित कधीच करावं लागत नाही. आत्याचा प्रश्न इथेच येऊन भिडतो. बॅटरीनं माणसापेक्षा जास्त जगावं, एवढंच मागणं आहे.

सुरुवात याच्या अगदी उलट झाली. ८ ऑक्टोबर १९५८ रोजी स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का रुग्णालयात ओके सेनिंग यांनी आर्ने लार्सन या ४३ वर्षांच्या रुग्णाच्या शरीरात पहिला पेसमेकर बसवला. यंत्र रूने एल्मक्विस्ट यांनी बनवलं होतं. आत निकेल-कॅडमियमचा सेल होता आणि तो बाहेरून, कातडीवरून चार्ज करायचा. म्हणजे पहिलाच पेसमेकर रिचार्जेबल होता. तो काही तासच चालला. लार्सन मात्र २००१ पर्यंत, ८६ वर्षं जगले. त्या आयुष्यात त्यांना वीसहून अधिक यंत्रं बसवावी लागली. बॅटरीच्या साऱ्या इतिहासाची किंमत त्या एका माणसानं स्वतःच्या अंगावर मोजली, असं मला वाटतं.

अमेरिकेत १९६० साली विल्सन ग्रेटबॅच आणि सर्जन विल्यम चार्डॅक यांनी पारा-जस्ताचे सेल वापरले. ते साधारण दोनेक वर्षं टिकत. त्यांतून वायू सुटायचा, म्हणून डबी पूर्ण बंद करता येत नसे आणि शरीरातली ओल हळूहळू आत शिरायची. १९७० मध्ये पॅरिसला प्लुटोनियम-२३८ वर चालणारा पेसमेकर बसवला गेला. या प्लुटोनियमचं अर्धायुष्य जवळपास ८८ वर्षं, त्यामुळे अशी काही यंत्रं तीस वर्षांहून अधिक चालली. पण किरणोत्सारी धातू छातीत घेऊन फिरणाऱ्या माणसाचा माग मृत्यूनंतरही ठेवावा लागतो. ती वाट तिथेच संपली.

खरा बदल केला लिथियम-आयोडीनच्या सेलनं. तो पहिल्यांदा माणसात बसला १९७२ साली, इटलीत. त्यातून वायू निघत नाही, म्हणून टायटॅनियमची डबी वेल्ड करून कायमची बंद करता आली. त्याचा दुसरा गुण मला जास्त मोलाचा वाटतो. सेल वापरला जातो तसा आत लिथियम आयोडाइडचा थर जाड होत जातो आणि त्याचा अंतर्गत विरोध हळूहळू वाढतो. त्यामुळे दाब एकदम कोसळत नाही, सावकाश उतरतो आणि आधी सूचना देतो. डॉक्टर छातीवर चुंबक ठेवतात तेव्हा ठोक्यांचा वेग ठरलेल्या आकड्यावर जातो. मेडट्रॉनिकच्या यंत्रांत तो मिनिटाला ८५ असतो. तोच ६५ वर आला की बदलायची वेळ जवळ आली असं समजायचं. हृदयाच्या यंत्रात अचानक संपणारी मोठी बॅटरी चालत नाही, सांगून संपणारी लागते.

आता थोडा हिशेब. तो केल्याशिवाय ३.५ व्होल्टचा अर्थ लागत नाही.

पेसमेकरच्या बॅटरीत साधारण एक अँपिअर-तास वीज असते असं धरू. यंत्र नुसतं जागं राहायला, हृदयाचं ऐकायला आणि नोंदी ठेवायला सुमारे ८ मायक्रोअँपिअर खातं. हृदयाला ठोका द्यायचा म्हणजे वायरीच्या टोकातून फार छोटा झटका सोडायचा. त्याची लांबी ०.४ मिलिसेकंद आणि वाटेतला विरोध ५०० ओहम समजा. जोर २.५ व्होल्ट असला आणि मिनिटाला सत्तर ठोके सतत द्यावे लागले, तर झटक्यांचा सरासरी खर्च २.३ मायक्रोअँपिअरच्या आसपास येतो. एकूण सव्वादहा-साडेदहा. बॅटरी अकरा वर्षं जाते. आता तोच जोर ५ व्होल्ट करा. झटक्यातला प्रवाह दुप्पट होतो. शिवाय सेल मुळात २.८ व्होल्टचा, म्हणून दाब वाढवणारं जास्तीचं सर्किट लागतं आणि तेही दुप्पट ओढतं. झटक्यांचा खर्च चौपट, ९.३ मायक्रोअँपिअर. एकूण सतरा. बॅटरी साडेसहा वर्षांत संपते. डबी, सेल, माणूस सगळं तेच, फक्त एका आकड्यात साडेचार वर्षं गेली.

मग जोर नेहमी कमीच का ठेवत नाहीत? कारण हृदयालाही एक उंबरठा असतो. झटका त्याच्या खाली राहिला तर स्नायू आकुंचन पावत नाही, आणि दिलेली सगळी वीज फुकट जाते. वायर नवी असताना टोकाभोवती सूज येते आणि उंबरठा वर चढतो. काही आठवड्यांनी तो उतरून स्थिरावतो. म्हणून पहिले दोन-तीन महिने जोर जास्त ठेवणं योग्यच आहे. त्यानंतर उंबरठा मोजून त्याच्या साधारण दुप्पट जोर ठेवायचा, अशी रीत आहे. उंबरठा पाऊण व्होल्ट असेल तर दीड-दोन व्होल्टवर भागतं. १९८३ च्या सुमारास टोकाशी स्टेरॉइड झिरपवणाऱ्या वायरी आल्या आणि सूज कमी झाली. बॅटरीच्या वर्षांत वाढ करण्यात सेलच्या रसायनाइतकाच या छोट्या औषधी टोकाचाही हात आहे, पण त्याचं श्रेय फारसं कुणी देत नाही.

झटक्याची लांबीही महत्त्वाची. विसाव्या शतकाच्या पहिल्याच दशकात फ्रान्समध्ये वाइस आणि लापिक यांनी मज्जातंतूंवर प्रयोग करून दाखवलं की झटका आखूड केला तर जोर वाढवावा लागतो आणि लांब केला तर कमी चालतो. पण एका मर्यादेनंतर लांबवून काहीच मिळत नाही, वीज मात्र जात राहते. सर्वांत कमी ऊर्जा लागते ती मधल्या एका ठरावीक लांबीला. तिला क्रोनॅक्सी म्हणतात. जोर आणि लांबी यांचा शंभर वर्षांपूर्वीचा हा वक्र आजही पेसमेकर तपासणाऱ्या कित्येक यंत्रांच्या पडद्यावर दिसतो.

तरी सर्वांत मोठी बचत झटका लहान करून झाली नाही. ती झाली झटका न देऊन.

सुरुवातीचे पेसमेकर घड्याळासारखे होते. हृदय स्वतः चालतंय की नाही हे न बघता ठोके देत राहायचे. १९६० च्या दशकात ‘मागणीनुसार’ चालणारे पेसमेकर आले. ते आधी ऐकतात, हृदयाचा स्वतःचा ठोका आला तर गप्प बसतात आणि आला नाही तरच देतात. ऐकण्यालाही वीज लागते, पण ती यंत्र जागं राहण्याच्या खर्चातच येते; न दिलेल्या ठोक्याची वीज मात्र पूर्ण वाचते. पुढे कळलं की या गप्प बसण्यात हृदयाचंही भलं आहे. उजव्या कप्प्यातून विनाकारण ठोके देत राहिलं तर हृदय वाकड्या चालीनं आकुंचतं. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या ‘सेव्ह पेस’ चाचणीत खालच्या कप्प्याला द्यायचे ठोके ९९ टक्क्यांवरून ९ टक्क्यांच्या आसपास आणले गेले, तेव्हा हृदयाच्या वरच्या कप्प्यांची टिकून राहणारी अनियमितता होण्याचा धोका ४० टक्क्यांनी घटला. बॅटरी वाचली आणि हृदयही वाचलं. मला या सगळ्या विषयाचा कणा इथे सापडतो : चांगलं यंत्र म्हणजे कधी गप्प राहायचं ते कळणारं यंत्र.

१९९० च्या दशकात यंत्रं आणखी शहाणी झाली. ठोका लागला की नाही हे ती दर वेळी स्वतः तपासू लागली आणि न लागल्यास लगेच जोरदार झटका देऊ लागली. त्यामुळे जोर उंबरठ्याच्या अगदी जवळ ठेवता येतो. पण इथे सावध राहावं लागतं. ज्याचं हृदय पेसमेकरवाचून थांबेल, त्याच्या बाबतीत काटकसर हा जिवाशी खेळ होऊ शकतो. मूत्रपिंडाचा आजार बळावून रक्तात पोटॅशियम वाढलं की उंबरठा अचानक चढतो, काही औषधांनीही चढतो. अशा रुग्णाला दोन वर्षं कमी टिकणारी बॅटरी आणि भरपूर जोर हेच बरोबर. बचतीचा नियम सर्वांना सारखा लावता येत नाही, म्हणूनच चेकिंगला बसणारा माणूस जाणता हवा.

शॉक देणाऱ्या यंत्रांचं, म्हणजे आयसीडीचं, गणित वेगळं. एका शॉकमध्ये साधारण ३५ जूल ऊर्जा जाते, पेसमेकरच्या एका झटक्यात ५ मायक्रोजूल. म्हणजे एक शॉक सत्तर लाख झटक्यांइतका. तिथली मोठी बचत म्हणजे चुकीचा शॉक टाळणं, आणि रुग्णाच्या मनावर त्या शॉकची बसणारी भीती पाहता ती बॅटरीपेक्षा फार मोठी बचत आहे.

हृदयाकडून मेंदूकडे आलं की खर्चाचा आकडा उडी घेतो. पार्किन्सन्ससाठी मेंदूत खोलवर तार घालून विजेचं उत्तेजन देणाऱ्या डीबीएसची आधुनिक सुरुवात १९८७ मध्ये फ्रान्सच्या ग्रेनोबल शहरात आलीम-लुई बेनाबीद यांनी केली. मुंबईत १९९० च्या दशकाच्या अखेरीस जसलोक रुग्णालयात डॉ. परेश दोशी यांनी ती रुजवली. पेसमेकर सेकंदाला एखादा झटका देतो, डीबीएस सेकंदाला सुमारे १३० देतं, म्हणजे दिवसाला एक कोटीहून अधिक. प्रत्येक झटका लहान असतो, तरी ३ व्होल्ट, ६० मायक्रोसेकंद आणि १००० ओहम धरले तर उत्तेजनाचा खर्च पेसमेकरच्या सुमारे बारा पट येतो. तोही मेंदूच्या एका बाजूचा, आणि बहुतेकांना दोन्ही बाजूंना लागतं. म्हणून रिचार्ज न होणारी डीबीएसची बॅटरी बहुधा तीन ते पाच वर्षांत संपते. ती संपते तेव्हा हात नुसता पुन्हा थरथरू लागतो एवढंच होत नाही. वर्षानुवर्षं आधार दिलेल्या शरीराचा आधार एकदम निघतो, आणि काही रुग्ण इतके जखडतात की गिळणंही अवघड होतं. नवी बॅटरी काही लाखांची असते. ती घ्यायची की गोळ्या वाढवायच्या, हा विचार करत महिने काढणारी कुटुंबं मी पाहिली आहेत. यंत्र निवडतानाच पाच वर्षांनंतरचा खर्च आजच्या खर्चाइतक्याच स्पष्टपणे सांगितला गेला पाहिजे. तसं फार थोड्यांना सांगितलं जातं.

डीबीएसमध्ये बचतीचे दोन मार्ग पुढे आले आहेत. पहिला झटक्याच्या आकाराचा. बहुतेक यंत्रं चौकोनी झटका देतात, कारण तो बनवायला सोपा. अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठात वॉरेन ग्रिल आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये उत्क्रांतीच्या धर्तीवर चालणारा संगणकी शोध लावून पाहिला : हजारो आकार बनवायचे, काटकसरी निवडायचे, त्यांचा संकर करायचा. पुन्हा पुन्हा उतरलेला आकार चौकोनी नव्हता. तो मधोमध फुगलेला, दोन्हीकडे उतरता, घंटेसारखा होता. बचत परिस्थितीनुसार कमी-जास्त. कल्पना मोहक आहे, पण असा गोलसर आकार बनवणारं सर्किट स्वतःच वीज खातं आणि बचतीतला मोठा वाटा तिथे जाऊ शकतो. ठरावीक प्रवाह देणाऱ्या यंत्रांत आणखी एक गळती असते. दाब गरजेपेक्षा जास्त तयार करून ठेवला, तर वरचा सगळा भाग सर्किटातच उष्णता होऊन जातो. कागदावरची बचत आणि छातीतली बचत यांत बरंच अंतर असतं.

दुसरा मार्ग पुन्हा ऐकण्याचाच. पार्किन्सन्समध्ये मेंदूच्या ज्या भागाला उत्तेजन देतात तिथे बीटा लहरी वाढतात आणि त्या वाढल्या की शरीर जखडतं. ऑक्सफर्डमध्ये पीटर ब्राउन आणि सायमन लिटल यांच्या गटानं २०१३ मध्ये आठ रुग्णांत फक्त या लहरी वाढल्या की उत्तेजन देऊन पाहिलं. उत्तेजनाचा वेळ ५६ टक्क्यांनी कमी झाला आणि हालचालीतली सुधारणा सतत उत्तेजनापेक्षा अधिक निघाली. हे तंत्र पक्क्या यंत्रात उतरून अमेरिकेत मंजूर व्हायला २०२५ उजाडलं. हृदयानं १९६० च्या दशकात शिकलेली गोष्ट मेंदूपर्यंत यायला साठ वर्षं लागली. मेंदूचं कुजबुजणं हृदयाच्या ठोक्यापेक्षा फार बारीक आहे, आणि आपण स्वतःच ओरडत असताना ते ऐकणं त्याहून कठीण.

तोवर बाजारानं सोपं उत्तर काढलं : रिचार्जेबल. मेंदूसाठी आणि पाठीच्या कण्याच्या दुखण्यासाठी बसवायच्या यंत्रांत हे आता सर्रास मिळतं, आयुष्य पंधरा वर्षं किंवा अधिक. दर सेकंदाला दहा हजार झटके देणारं कण्याचं यंत्र तर रोज चार्ज करावं लागतं. पण चार्जिंग म्हणजे कातडीवर कॉइल नीट जुळवून बसणं. आत उष्णता फार वाढू द्यायची नसते. आंतरराष्ट्रीय मानकानुसार यंत्राचा पृष्ठभाग शरीराच्या तापमानापेक्षा दोन अंशांहून जास्त तापता कामा नये, म्हणून घाईनं चार्ज करता येत नाही. आणि हे करायचं कुणी? हात थरथरणाऱ्या, विसराळू होत चाललेल्या माणसानं? प्रत्यक्षात ते त्याची बायको करते, सून करते. पुण्याचं पार्किन्सन्स मित्रमंडळ, मुंबईची २००१ पासून काम करणारी पार्किन्सन्स सोसायटी अशा आधारगटांत शुभार्थी आणि शुभंकर एकत्र बसतात. शुभार्थी म्हणजे रुग्ण, शुभंकर म्हणजे सांभाळणारा. मराठीत रुळलेला हा दुसरा शब्द मला फार योग्य वाटतो. रिचार्जेबल यंत्र निवडताना डॉक्टरांनी आधी शुभंकराकडे पाहावं. घरात सांभाळणारं माणूस पक्कं असेल, तरच पंधरा वर्षांची बॅटरी खरोखर पंधरा वर्षांची ठरते.

ऐकू येण्यासाठी बसवायच्या कॉक्लिअर इम्प्लांटची गंमत निराळी. कातडीखालच्या भागात बहुधा बॅटरी नसतेच. कानामागचा प्रोसेसर कातडीतून वीज आणि संदेश दोन्ही आत पाठवतो. त्यामुळे पुन्हा ऑपरेशनचा प्रश्न मिटतो आणि रोजच्या खर्चाचा सुरू होतो. वांद्र्याची अली यावर जंग राष्ट्रीय संस्था केंद्र सरकारच्या योजनेतून लहान मुलांना ही यंत्रं मिळवून देण्याचं काम पाहते. वाशीला महापालिकेच्या ईटीसी केंद्रात कर्णबधिर मुलंही शिकतात. यंत्र फुकट मिळालं तरी सेल फुकट नसतात. जस्त-हवेचे दोन बटण-सेल दोन-तीन दिवस जातात. ते हवेतला प्राणवायू घेऊन चालतात. वरचं स्टिकर काढल्यावर ते लगेच न घालता काही मिनिटं उघडे ठेवले तर पुरा जोर देतात. आपल्या पावसाळ्यात खाडीवरून येणारी दमट हवा त्यांना लवकर बिघडवते, म्हणून आया रात्री प्रोसेसर सिलिकाच्या पुड्यांसोबत डबीत ठेवतात.

इथेही मोठी बचत तपासणीच्या खोलीत होते. मॅपिंग करताना, म्हणजे यंत्र त्या मुलाला जुळवून लावताना, झटका थोडा लांब केला तर प्रवाह आणि दाब कमी लागतो. बावीस इलेक्ट्रोड असले तरी प्रत्येक क्षणी सगळ्यांना जागं करायची गरज नसते. आवाजाचे आठेक ठळक भाग निवडून तेवढेच पाठवले तरी बोलणं कळतं. कॉइल आणि आतला भाग यांतलं अंतर वाढलं की वीज वाया जाते, म्हणून कातडीच्या जाडीनुसार चुंबक आणि पॉवरचा आकडा जुळवावा लागतो. महिन्याला वाचलेले चार-सहा सेल ही एखाद्या घरासाठी मूल दिवसभर ऐकेल की शाळेपुरतंच, याची सीमारेषा असते. या मुलांसाठी मला सर्वांत जास्त पोटतिडीक वाटते. भाषा येण्याची वर्षं थोडी असतात आणि सेलअभावी गेलेला दिवस परत येत नाही.

एवढं सगळं तंत्र हाताशी असताना बॅटऱ्या याहून जास्त का टिकत नाहीत? २०१६ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये जॉन डीन आणि नील सल्क या हृदयतज्ज्ञांनी हा प्रश्न रोखठोक मांडला. बॅटरी संपली की नवं यंत्र विकलं जातं, मग जास्त टिकणारं यंत्र बनवण्यात कुणाचा फायदा? यंत्रं दर पिढीत लहान होत गेली, आणि लहान डबीत लहान बॅटरी. पण रुग्णांना विचारलं कुणी? न्यूयॉर्कमधल्या डॉक्टरांनी विचारलं. २००४ मध्ये छापलेल्या त्यांच्या पाहणीत ९० टक्क्यांहून अधिक रुग्णांनी थोडं मोठं पण जास्त टिकणारं यंत्र पसंत केलं. आत्याला विचारलं असतं तर तिनंही तेच सांगितलं असतं. ब्लाउजच्या आत डबी थोडी उठून दिसली तर काय बिघडतं, असं ती म्हणते.

आणि मग उरलेल्या बॅटरीचा प्रश्न, ज्याबद्दल आपल्याकडे बोललं जात नाही. माणूस जातो तेव्हा त्याच्या छातीतल्या यंत्रात पुष्कळदा बरीच वर्षं शिल्लक असतात. दहनाआधी पेसमेकर काढावाच लागतो, कारण आगीत त्याचा स्फोट होऊ शकतो. ब्रिटनमध्ये सोलिहलच्या दाहगृहात १९७६ साली असा पहिला स्फोट नोंदला गेला. आपल्याकडे त्या घाईच्या तासांत घरच्यांना हे आठवत नाही, आठवलं तरी विचारायचं कुणाला हे कळत नाही. काढलेलं यंत्र बहुधा कचऱ्यात जातं.

वांद्र्याच्या होली फॅमिली रुग्णालयात या उरलेल्या वर्षांचं सोनं झालं. अमेरिकेतल्या अंत्यसंस्कार गृहांनी काढून दिलेले पेसमेकर तपासून, निदान काही वर्षांची बॅटरी शिल्लक असलेले वेगळे काढून, निर्जंतुक करून इथे गरीब रुग्णांना बसवले गेले. डॉ. डॅनियल मॅस्करेन्हास, डॉ. यश लोखंडवाला आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये ५३ रुग्णांचा अनुभव मांडला, त्यात यंत्रामुळे एकही संसर्ग नव्हता. त्याच वर्षी त्यांनी पुन्हा वापरलेल्या आयसीडीचा अहवाल दिला : ८१ रुग्ण, १०६ यंत्रं, संसर्ग शून्य, आणि निम्म्याहून अधिक रुग्णांत त्या यंत्रानं धोक्याच्या वेळी खरोखर काम केलं. २०२० मध्ये कॅनडातून चाललेल्या हजाराहून अधिक रुग्णांच्या अभ्यासातही जुन्या आणि नव्या यंत्रांच्या संसर्गात लक्षणीय फरक दिसला नाही. तरी डबीवर ‘एकदाच वापरा’ असा शिक्का असतो आणि कायदा त्या शिक्क्याच्या बाजूनं उभा राहतो. सुरक्षिततेचे नियम कडक असावेत, यात शंका नाही. पण तपासून, नोंद ठेवून, रुग्णाच्या संमतीनं हे करण्याची सरळ वाट आपल्या राज्यात हवी. मायक्रोअँपिअर वाचवायला जगभर इतकी बुद्धी खर्च होत असताना पाच-पाच वर्षांची वीज कचऱ्यात टाकणं मला पटत नाही.

बॅटरीच नको, असेही प्रयोग चालू आहेत. स्वित्झर्लंडमध्ये बर्न इथल्या संशोधकांनी स्वयंचलित मनगटी घड्याळाचं यंत्र डुकराच्या हृदयाला शिवून हृदयाच्याच हालचालीतून वीज काढली. अमेरिकेतल्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठानं २०२१ मध्ये काम झाल्यावर शरीरातच विरघळणारा, बॅटरीविना चालणारा तात्पुरता पेसमेकर दाखवला. बॅटरी ठेवून वायर तेवढी काढून टाकणारी वाटही आहे : २०१६ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेला, वायरीविना थेट हृदयातच बसणारा गोळीएवढा मायक्रा आपल्या शहरांतही पोचला आहे. हे सगळं बघायला छान आहे, पण आत्याच्या पिढीचा प्रश्न यातून सुटणार नाही. तिच्या छातीत आहे तीच डबी चालवायची आहे.

पुढच्या चेकिंगला मी पट्ट्यांची फाईल घेऊन बरोबर गेलो आणि जोराबद्दल विचारलं. तंत्रज्ञ तरुण मुलगी होती. तिनं उंबरठा मोजला, ०.७५ व्होल्ट. आधीच्या पट्ट्यांवरही जवळपास तोच होता. आत्याचं स्वतःचं हृदय दिवसाचा बराच वेळ चालतं, हे तिनं नोंदींत पाहिलं, डॉक्टरांना आत बोलावलं आणि दोघांनी मिळून जोर २ व्होल्टवर आणला. पाच मिनिटांचं काम. यंत्रातून नवी पट्टी बाहेर आली. आत्यानं चष्मा लावला आणि आकडा वाचला : साडेनऊ वर्षं. मग बोटांवर मोजून म्हणाली, “म्हणजे मी सत्त्याऐंशीची होईन तेव्हा. तोवर पुरे.” पट्टीची घडी घालून तिनं ती पर्समध्ये, रेल्वे पासाच्या जुन्या पाकिटात ठेवली.